नाव ९११, पण कुठली ९११?

ज्यांना हा भाग कानांऐवजी डोळ्यांनी घ्यायचाय, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना तोंडात येणारे "म्हणजे" आणि "तर" बरेचसे काढलेत. सगळे नाही काढले, कारण मग तो मीच बोलतोय असं वाटणार नाही.

तर विषय असा. युट्यूबवर स्पोर्ट्स कारचा कुठलाही व्हिडिओ लावा आणि खाली कमेंट्स वाचा. "नाईन-नाईन-थ्री म्हणजे शेवटची खरी गाडी." "नाईन-नाईन-सिक्स फुकट दिली तरी नको." "नाईन-सिक्स-फोरचे भाव बघितले का?" नवीन माणसाला वाटतं, या चार-पाच वेगवेगळ्या गाड्या असणार. प्रत्यक्षात या सगळ्या गाड्यांचं नाव एकच असतं, ९११. पोर्शे ९११. (पोर्श म्हणा, पोर्शे म्हणा, जर्मन माणूस शेवटी हलकासा "अ" लावतो. आपण पोर्शे म्हणू आणि पुढे जाऊ.)

मग हे ९६४, ९९३, ९९६ कुठून आले? गाडीवर नाहीत, जाहिरातीत सहसा नाहीत. तरी जगभरचे लोक गाडीला त्याच आकड्यांनी ओळखतात. आणि गंमत म्हणजे हे आकडे क्रमानेही नाहीत. ९९७ नंतर आली ९९१. म्हणजे गाडी पुढे गेली आणि आकडा मागे.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ, म्हणजे सोपं जाईल. सुट्या भागांच्या दुकानात जाऊन "होंडा सिटीचा हेडलाईट द्या" म्हणून बघा. दुकानदार लगेच विचारणार, "कुठली सिटी? टाइप टू? डॉल्फिन? की त्यानंतरची?" मागच्या पाटीवर "सिटी" एवढंच असतं, पण पाटी बघून हेडलाईट बसत नाही. ९११चा सगळा घोळ हाच आहे, फक्त साठ वर्षांचा. पाटी ग्राहकासाठी असते आणि कोड गोडाऊनसाठी. पाटी बदलायचीच नाही असं कंपनीने ठरवलं, की गोडाऊनचा नंबरच गाडीचं खरं नाव होऊन बसतो.

आता मागे जाऊ, १९३१ मध्ये. जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात फर्डिनांड पोर्शे नावाच्या इंजिनियरने स्वतःचं डिझाईन ऑफिस काढलं. लक्षात घ्या, ही कार कंपनी नव्हती. दुसऱ्यांसाठी गाड्या, इंजिनं, सस्पेन्शन डिझाईन करून द्यायची, असा धंदा. अशा ऑफिसात प्रत्येक कामाला एक नंबर लागतो, म्हणजे ड्रॉइंग, पत्रव्यवहार, बिलं सगळं त्या नंबराखाली ठेवता येतं. या नंबराला म्हणायचे "टाइप". पहिलं काम वाँडरर कंपनीच्या एका गाडीचं. त्याला नंबर दिला ७. एक नाही, सात. कारण असं सांगितलं जातं, की गिऱ्हाइकाला "आम्ही तुमचं पहिलंच काम करतोय" असं कळू द्यायचं नव्हतं. नवीन दुकानदार पावतीपुस्तकाची सुरुवात १०१ पासून करतो ना, तसंच. म्हणजे या जगप्रसिद्ध मालिकेची सुरुवातच थोड्याशा थापेने झाली.

त्या रजिस्टरमधले पुढचे नंबर बघा. टाइप २२ ही ऑटो युनियनची रेसिंग कार. टाइप ६० म्हणजे जी पुढे फोक्सवॅगन बीटल म्हणून जगभर विकली गेली ती. टाइप ८२ म्हणजे त्याच गाडीच्या सांगाड्यावरची जर्मन लष्कराची क्युबेलवॅगन. लोकांची गाडी, रेसची गाडी, युद्धाची गाडी, सगळी एकाच वहीत, एकामागून एक.

इथे जरा थांबतो, कारण यूट्यूबवरच्या बऱ्याच व्हिडिओंमध्ये हा भाग गाळलेला असतो. या ऑफिसच्या संस्थापकांमध्ये अडोल्फ रोझेनबर्गर नावाचा माणूस होता. स्वतः रेसिंग ड्रायव्हर, आणि सुरुवातीला पैशाची आणि धंद्याची बाजू सांभाळणारा. तो ज्यू होता. १९३५ मध्ये त्याचा हिस्सा दर्शनी किमतीला काढून घेण्यात आला, त्याच वर्षी नाझींनी त्याला अटक करून छळछावणीत टाकलं. सुटल्यावर तो देश सोडून गेला आणि शेवटी अमेरिकेत स्थायिक झाला. युद्धाच्या काळात फोक्सवॅगनच्या कारखान्यात सक्तीने आणलेले मजूर राबवले गेले, हेही नोंदलेलं आहे. टाइप ६०, टाइप ८२ असे आकडे वाचताना हे काही दिसत नाही. आकड्यांचा तो गुण म्हणा, दोष म्हणा.

युद्धाच्या शेवटी श्टुटगार्टवर बॉम्ब पडत होते म्हणून ऑफिस ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड नावाच्या गावात हललं. तिथे १९४८ मध्ये फर्डिनांड यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांच्या देखरेखीखाली एक छोटी उघडी स्पोर्ट्स कार तयार झाली. पहिल्यांदाच गाडीवर नाव "पोर्शे". वहीत त्या कामाचा नंबर होता ३५६. मग गाडीला नाव काय द्यायचं? ३५६च. नाव शोधायला बैठक नाही, स्पर्धा नाही. फाईलवरचा नंबर उचलून गाडीला चिकटवला. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे एखाद्या घरात मुलाला "बाळ्या" म्हणतात आणि तो साठीचा झाला तरी बाळ्याच राहतो, तसं काहीसं.

३५६ चांगली चालली. पुढे १९६३ मध्ये तिची वारसदार तयार झाली. फेरी यांचा मुलगा फर्डिनांड अलेक्झांडर याने तिचं रूप ठरवलं. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये गाडी उभी राहिली आणि तिचं नाव होतं ९०१.

तुम्ही म्हणाल, वहीत तोवर नऊशे कामं झाली होती का? नाही. हा आकडा वहीतून नाही, गोडाऊनमधून आला. पोर्शेला पुढे फोक्सवॅगनबरोबर जास्त जवळून काम करायचं होतं. दोघांचे सुटे भाग एकाच पद्धतीने नोंदायचे तर नंबर एकमेकांवर आदळायला नकोत. फोक्सवॅगनच्या यादीत ९०० पासूनचे आकडे मोकळे होते. म्हणून ९०१. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या स्पोर्ट्स कारचं नाव स्टोअरकीपरच्या सोयीने ठरलं.

मग ९०१ची ९११ कशी झाली? ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. १९६४च्या शरद ऋतूत पॅरिसच्या शोनंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हरकत घेतली. प्यूजो १९२९च्या २०१ पासून तीन आकडी नावं वापरत होती आणि मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांचा फ्रान्समधला हक्क त्यांच्याकडे होता. फ्रान्स म्हणजे लहान बाजार नव्हे. नोव्हेंबर १९६४ मध्ये फेरी पोर्शेंनी निर्णय घेतला. शून्याच्या जागी एक. विषय संपला. तोवर ९०१ म्हणून ८२ गाड्या तयार झाल्या होत्या. त्यातली ५७ नंबरची गाडी २०१४ मध्ये जर्मनीत एका जुन्या गोदामात गंजलेल्या अवस्थेत सापडली. पोर्शेच्या संग्रहालयाने ती घेतली, तीन वर्षं खपून पुन्हा उभी केली, आणि २०१७च्या डिसेंबरमध्ये लोकांसमोर ठेवली.

एक मजा सांगतो. १९६२ मध्ये पोर्शेने फॉर्म्युला वनची फ्रेंच ग्रां प्री जिंकली होती. ड्रायव्हर डॅन गर्नी, गाडीचा नंबर ८०४. मधे शून्य, आणि तेही फ्रान्समध्ये! पण ती रेसची गाडी, शोरूममध्ये विकायची नव्हती. पुढच्या ९०४चं मात्र ग्राहकांना विकायचं नाव ठेवलं "करेरा जीटीएस". आणि ९११चं काय? पाटीवर शून्याचा एक झाला, पण सुट्या भागांचे नंबर तसेच राहिले. सुरुवातीच्या ९११च्या कितीतरी भागांवर ९०१ ने सुरू होणारे नंबर आहेत. वकिलांनी पाटी बदलली, गोडाऊन बदललं नाही.

इथून खरी कसोटी सुरू होते, कारण आता नाव बदलायचं नव्हतं आणि गाडी दरवर्षी बदलत होती. सुरुवातीला सोपा मार्ग काढला, मॉडेलच्या वर्षाला एक अक्षर. १९६८ला ए, १९६९ला बी, असं करत १९७४च्या मॉडेलला आलं जी. त्या वर्षी गाडी ठळकपणे बदलली. अमेरिकेच्या नव्या सुरक्षा नियमांमुळे पुढे-मागे जाड बंपर आले, बाजूला हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेले. लोकांनी त्या नव्या अवताराला नाव दिलं "जी मॉडेल". पुढच्या वर्षांची अक्षरं वेगळी होती, पण ते कोण लक्षात ठेवतो. १९८९ पर्यंतच्या सगळ्या गाड्या आजही जी मॉडेलच. एका वर्षाचं अक्षर पंधरा वर्षांच्या पिढीला चिकटलं. त्यातल्याच टर्बो गाडीला मात्र स्वतंत्र नंबर होता, ९३०.

आणि याच काळात ९११ जवळजवळ बंद पडणार होती. पुढे इंजिन असलेली ९२८ आली होती, तीच पुढची मोठी पोर्शे, असं कंपनीतल्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. १९८१ मध्ये पीटर शुट्झ नावाचा नवा प्रमुख आला. बर्लिनमध्ये जन्मलेला, लहानपणी ज्यू कुटुंबासोबत नाझी जर्मनीतून बाहेर पडलेला आणि अमेरिकेत वाढलेला इंजिनियर. तो एकदा हेल्मुट बॉट या तांत्रिक प्रमुखाच्या खोलीत गेला. भिंतीवर तक्ता होता. ९२८ आणि ९४४ यांच्या रेषा पुढे चाललेल्या, ९११ची रेषा १९८१ला संपलेली. शुट्झ पुढे सांगायचा, की त्याने मार्कर उचलला आणि ती रेषा तक्त्याबाहेर, भिंतीवरून, दारापर्यंत ओढत नेली. ती रेषा ओढली नसती, तर आज पिढ्यांच्या कोडवर भांडायला काही उरलंच नसतं.

मग १९८८ मध्ये आली ९६४. दिसायला जुनीच, पण आतून कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ८५ टक्के नवी. पाटी मात्र तीच, ९११. आता जुनी आणि नवी वेगळी कशी सांगायची? जाहिरातवाल्यांकडे उत्तर नव्हतं. मेकॅनिककडे होतं, चेसिस नंबरमध्ये.

हे कागद-पेन घेऊन ऐकण्यासारखं, आणि वाचताय तर अजून सोपं. गाडीचा चेसिस नंबर १७ जागांचा असतो. त्या काळापासूनच्या ९११ मध्ये सातवी आणि आठवी जागा बघा, मग थेट बाराव्या जागेवर जा. ९६४ असेल तर आधी ९६ आणि बाराव्या जागी ४. ९९३ असेल तर ९९ आणि ३. ९९७ असेल तर ९९ आणि ७. कोड तिथे तोडून बसवलेला असतो. जाहिरातीत कोणी काहीही लिहो, हा नंबर खोटं बोलत नाही. जुन्या ९११च्या एका पिढीत आणि दुसऱ्या पिढीत किमतीचा फरक एवढा मोठा असतो, की ही दोन मिनिटांची तपासणी कुणालाही परवडते.

आता सगळ्यांचा प्रश्न. ९६४ नंतर एकदम ९९३ कशी? मधले आकडे गेले कुठे? काही दुसऱ्या गाड्यांना मिळाले, उदाहरणार्थ ९६८. आणि काही मेले. ९६५ हा नंबर ९५९ या अफाट गाडीचं तंत्रज्ञान वापरून करायच्या एका टर्बो गाडीचा होता. चाचणीच्या गाड्या झाल्या आणि काम थांबलं. ९८९ ही तर चार दारांची पोर्शे होणार होती, पनामेराच्या खूप आधी. तीही नव्वदीच्या सुरुवातीला बंद झाली. म्हणून या मालिकेतली मोकळी जागा दिसली की समजायचं, तिथे बहुतेक कोणाची तरी काही वर्षांची मेहनत पुरलेली आहे.

आणि ते प्रकल्प बंद का पडले? पैसा संपत आला होता. १९८६च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या विकणारी कंपनी १९९३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास आली होती. वेंडेलिन वीडेकिंग नावाचा नवा प्रमुख आला, त्याने टोयोटाची पद्धत शिकवणारे जपानी सल्लागार बोलावले. त्यांना कारखान्यात काय दिसलं? सुट्या भागांनी छतापर्यंत भरलेले रॅक. पुढचा किस्सा मॅनेजमेंटच्या पुस्तकांत गेलाय. सल्लागाराने वीडेकिंगच्या हातात करवत यंत्र दिलं आणि त्याने सगळ्यांसमोर ते रॅक वरून कापून टाकले. एवढे भाग साठवायचेच नाहीत!

साठवायचे नाहीत, तर मुळात वेगवेगळे भाग कमी बनवा. यातून जन्मली ९९६. १९९६ मध्ये स्वस्त बॉक्स्टर आली, तिचा कोड ९८६. १९९७ मध्ये नवी ९११ आली, तिचा कोड ९९६. शेवटचा आकडा बघा. या सख्ख्या बहिणी. हेडलाईट, बोनेट, दारं, पुढचा जवळजवळ सगळा भाग एक. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे इंजिन पाण्याने थंड होणारं. तोवरची प्रत्येक ९११ तुमच्या स्प्लेंडर-बुलेटसारखी हवेवर थंड होणारी होती. शेवटची ९९३ मार्च १९९८ मध्ये कारखान्यातून निघाली आणि ते पर्व संपलं.

चाहते चिडले. हेडलाईटना "फ्राईड एग" म्हणाले. पुढे काही गाड्यांमध्ये इंजिनातल्या एका बेअरिंगने दगा दिला आणि ९९६ हा आकडा शिवीसारखा झाला. मला विचाराल, तर या आकड्यावर अन्याय झालाय. ९९६ आणि ९८६ या जोडीने कंपनीला हात दिला, तेव्हा कुठे पुढच्या पिढ्या निघाल्या. शिवाय ९९६ मध्येही सगळ्या गाड्या सारख्या नाहीत. टर्बो आणि जीटी-३ चं इंजिन वेगळ्याच वंशाचं होतं, त्याला त्या बेअरिंगचा त्रास नाही. म्हणजे कोडसुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो. पण लोकांना तीन आकड्यांत निकाल हवा असतो.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. कॉर्व्हेटचं सगळ्यात सरळ, सी-१ पासून सी-८ पर्यंत मोजत जा. माझदा मियाटा एनए, एनबी, एनसी, एनडी. बीएमडब्ल्यूच्या ई-३० मधला "ई" म्हणजे विकास या अर्थाचा जर्मन शब्द. आणि "इनिशियल डी" बघणाऱ्यांची लाडकी एई-८६. त्यात "ए" म्हणजे इंजिनाचं घराणं, "ई" म्हणजे कोरोला, ८ म्हणजे पिढी, ६ म्हणजे त्या पिढीतला प्रकार. चार खुणांमध्ये गाडीची अख्खी कुंडली. टोयोटाचा हिशोब मला जास्त पटतो, पण गोष्ट सांगायला पोर्शेचा गोंधळच बरा.

परत ९११. २००४ मध्ये ९९७, गोल हेडलाईट परत, चाहते खूश. मग सगळ्यांना वाटलं आता ९९८. आली ९९१, २०११ मध्ये. तिच्या बहिणीचंही तेच, ९८७ नंतर ९८१. दोन्ही घराण्यांनी मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. २०१८ मध्ये ९९२. इतर पोर्शे तर आता आकड्यांतही मावत नाहीत. पहिल्या मकानचा कोड ९५-बी, रांगेत अक्षर घुसलंय.

आणि चाहत्यांनी आता स्वतःच पुढे एक टिंब जोडलंय. पिढीच्या मधे फेसलिफ्ट झाली की ९९१.२, ९९२.२. मोबाईलच्या सॉफ्टवेअरसारखं. हसू नका, उपयोगाचं आहे. ९९१.२ मध्ये साध्या करेरालाही टर्बो आला. ९९२.२ मध्ये, म्हणजे २०२४ मध्ये, जीटीएसला हायब्रिड मोटर आली. मागच्या पाटीवर यातलं काहीही कळत नाही.

आता एक कोडं तुमच्यासाठी. ९९२ नंतर काय? ९९३ देता येणार नाही, तो आकडा १९९८ मध्येच वापरून झालाय, आणि त्या गाडीचे चाहते तो परत द्यायचे नाहीत. ९९६, ९९७ही गेले. उरले ९९४, ९९५, ९९८ आणि ९९९. तुमचा अंदाज कमेंटमध्ये टाका, आणि गाडी आली की आपण चेसिस नंबरच्या बाराव्या जागेवर बघू.